तालुक्याच्या गावात होमगार्ड व्हायचं असेल तर

पंढरीच्या वारीत, गावच्या जत्रेत, बारावीच्या परीक्षा केंद्राबाहेर, मतदानाच्या रांगेपाशी पोलिसाच्या शेजारी खाकीतलं आणखी कुणीतरी उभं असतं. त्याची शेती असते, गॅरेज असतं, किराणा दुकान असतं. ती घरी शिवणकाम करते किंवा अंगणवाडीजवळ चहाची गाडी लावते. बंदोबस्त सुटला की दोघंही आपापल्या कामाला लागतात. हे होमगार्ड. एकेका ठाण्याच्या हद्दीत कित्येक गावं आणि हाताशी मोजकी माणसं, अशी बहुतेक तालुक्यांची स्थिती असते. तिथे होमगार्ड नसतील तर एकाच दिवशी दोन गावांच्या जत्रा सांभाळणं ठाण्याला अवघड जातं.

हा लेख लहान गावातल्या, तालुक्याच्या ठिकाणच्या मुलामुलींसाठी आणि संसारी माणसांसाठी आहे. भरतीच्या जाहिरातीत उंची, छाती, धावणं सगळं दिलेलं असतं. ज्या गावात लहानाचे मोठे झालो, त्याच गावात खाकी घालून उभं कसं राहायचं हे मात्र कुणी सांगत नाही. माझ्या मते अर्धी तयारी त्याचीच करावी लागते.

आधी हे काम काय आहे ते समजून घ्या

होमगार्ड दलाची सुरुवात ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबईत झाली. पुढच्याच वर्षी मुंबई होमगार्ड अधिनियम, १९४७ आला आणि आजही महाराष्ट्रातलं दल त्याच कायद्याखाली चालतं. १९६२च्या चीन युद्धानंतर देशभरातल्या अशा स्वयंसेवी दलांना एकसारखं रूप देण्यात आलं. दलाचं ब्रीद आहे ‘निष्काम सेवा’, आणि दरवर्षी ६ डिसेंबरला वर्धापन दिन साजरा होतो.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही नोकरी नाही. होमगार्ड मानसेवी असतो. महिन्याचा पगार नाही, पेन्शन नाही. ज्या दिवशी बोलावून कर्तव्यावर लावतात, त्या दिवसाचा कर्तव्य भत्ता मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१५मध्ये हिमाचल प्रदेशातल्या होमगार्डांच्या प्रकरणात निकाल दिला, की त्यांना नियमित कर्मचारी मानता येणार नाही, पण पोलीस शिपायाच्या किमान वेतनाशी मेळ राखेल एवढा भत्ता द्यावा. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४च्या निर्णयाने हा भत्ता दिवसाला ५७० रुपयांवरून १,०८३ रुपये झाला. वर्षात किती दिवस बोलावणं येईल हे सण, निवडणुका आणि तुमच्या जिल्ह्यातल्या परिस्थितीवर ठरतं. ज्याला दरमहा ठरलेली रक्कम घरी आणायचीच आहे, त्याने केवळ या भरवशावर हातचं काम सोडू नये.

दुसरी गोष्ट अधिकाराची. कायद्यानुसार बोलावून कर्तव्यावर लावलेल्या होमगार्डला पोलीस अधिकाऱ्यासारखे अधिकार आणि संरक्षण मिळतं. यातला ‘बोलावून’ हा शब्द पक्का लक्षात ठेवा. ड्युटी संपली की तुम्ही इतरांसारखेच नागरिक. घराशेजारच्या बांधाच्या भांडणात खाकी घालून जाणं हा गुन्ह्याकडे नेणारा रस्ता आहे.

जिल्ह्याच्या दलाचा प्रमुख जिल्हा समादेशक. हा पदभार बहुतेक ठिकाणी अपर पोलीस अधीक्षकांकडे असतो. तालुक्याला पथक असतं आणि तिथे समादेशक अधिकारी, पलटण नायक अशी उतरंड असते. रोजचा संबंध तुमच्या पथकाशी आणि स्थानिक पोलीस ठाण्याशी येतो.

पात्रता: टेप घेऊन घरीच मोजा

२०२४च्या भरतीतल्या अटी अशा होत्या: वय २० पूर्ण ते ५० वर्षांपर्यंत, शिक्षण दहावी पास, उंची पुरुषांना १६२ सेंटिमीटर आणि महिलांना १५० सेंटिमीटर. पुरुषांची छाती न फुगवता किमान ७६ सेंटिमीटर आणि फुगवल्यावर ५ सेंटिमीटर वाढ. धावणं पुरुषांना १,६०० मीटर, महिलांना ८०० मीटर. गोळा पुरुषांना ७.२६० किलोचा, महिलांना ४ किलोचा. पुढच्या जाहिरातीत यात बदल असू शकतो, म्हणून जाहिरात निघाली की तिच्यातलाच आकडा धरा.

वयाची वरची मर्यादा ५० आहे, याकडे लोकांचं लक्ष जात नाही. पोलीस भरतीचं वय उलटलेला, दोन मुलांचा बाप असलेला माणूस इथे येऊ शकतो. मुलं शाळेत जायला लागलेली बाईही येऊ शकते. लहान गावात अशी स्थिरावलेली माणसं पथकाला फार उपयोगी पडतात, कारण जत्रेत चार दारूडे दंगा करू लागले की विशीतल्या पोरापेक्षा पंचेचाळिशीतल्या दादाचं लवकर ऐकतात.

रहिवासाची अट कडक असते. ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत राहता, तिथल्याच रिक्त जागांसाठी तुमचा विचार होतो. पुण्यात कामाला आणि आधार गावचं, अशी स्थिती असेल तर आधी ठरवा की बंदोबस्ताला तुम्ही खरोखर कुठे हजर राहू शकाल. कागदावर गाव आणि माणूस शहरात असेल, तर हजेरीत अडचण होते आणि नाव कमी होतं.

जाहिरात येण्याआधी पथकात जाऊन या

भरती दरवर्षी ठरलेल्या महिन्यात होत नाही. म्हणून जाहिरातीची वाट बघत बसू नका. पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदारांना विचारा की होमगार्डची साप्ताहिक कवायत कुठे आणि कोणत्या दिवशी असते. बहुतेक वेळा ती तहसीलच्या मैदानावर, शाळेच्या पटांगणात किंवा ठाण्याच्याच आवारात असते. त्या दिवशी जा, बाजूला उभं राहून बघा आणि संपल्यावर जुन्या होमगार्डांशी बोला. गेल्या वर्षी किती दिवस ड्युटी लागली, बाहेरच्या जिल्ह्यात जावं लागलं का, राहण्या-जेवणाची सोय कशी होती, भत्ता खात्यावर यायला किती वेळ लागला, हे सगळं विचारा. बायांनी पथकातल्या महिला होमगार्डांना आवर्जून भेटावं. रात्रीच्या बंदोबस्तात स्वच्छतागृहाची सोय, परतीचा प्रवास, घरच्यांची समजूत यांवर त्या जे सांगतील ते जिल्हा कार्यालयात कळणार नाही.

कागद

अर्ज दलाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा असतो. आधार, मतदार ओळखपत्र, दहावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र, जन्मतारखेचा पुरावा, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, आणि खासगी नोकरी असेल तर मालकाचं ना हरकत पत्र लागतं. आयटीआय, एनसीसीचं ‘बी’ किंवा ‘सी’ प्रमाणपत्र, जिल्हा पातळीवरचं खेळाचं प्रमाणपत्र, जड वाहनाचा परवाना, माजी सैनिक असल्याचा किंवा नागरी संरक्षणातल्या सेवेचा दाखला यांचा तांत्रिक अर्हता म्हणून उपयोग होतो. मूळ प्रती एका फाइलमध्ये ठेवा.

माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त खोळंबा नावामुळे होतो. आधारवर ‘ज्ञानेश्वर’, दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘द्यानेश्वर’, बँकेच्या पासबुकात फक्त ‘माउली’. लग्न झालेल्या मुलींचं आधार सासरच्या नावाने आणि दहावी माहेरच्या. हे आजच तपासा. आधारवरचं नाव दुरुस्त करायला किंवा राजपत्रात नावबदल छापून आणायला वेळ लागतो आणि अर्जाची मुदत तेवढी थांबत नाही.

चारित्र्य पडताळणीत काही लपवू नका. जुनं किरकोळ प्रकरण, निकाली निघालेला खटला, काहीही असेल तरी विचारल्यावर खरं लिहा. लहान ठाण्यात सगळ्यांना सगळं माहीत असतं, आणि लपवल्याचा ठपका मूळ प्रकरणापेक्षा जड जातो.

मैदानाची तयारी

धावणं आणि गोळाफेक या दोन्हींत स्वतंत्रपणे किमान ४० टक्के गुण मिळवावे लागतात. म्हणजे वाऱ्यासारखं धावणारा मुलगा गोळ्यात कमी पडला, तर बाहेर. गावाकडची मुलं धावण्याचा सराव करतात आणि गोळा भरतीच्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतात. असं करू नका. हायस्कूलच्या क्रीडा शिक्षकांकडे गोळा असतो. त्यांना विनंती करा, बहुतेक जण आनंदाने शिकवतात. गोळा तळहातावर न ठेवता बोटांच्या बुडाशी धरायचा, मानेला टेकवायचा आणि क्रिकेटच्या चेंडूसारखा न फेकता खांद्यापासून पुढे ढकलायचा. जोर पायातून आणि कमरेतून येतो. फेकल्यावर तोल जाऊन रेषेबाहेर पाय पडला तर फेक बाद, म्हणून थांबण्याचाही सराव हवा. चेंडूसारखा फेकला की कोपर आणि खांदा दुखावतो आणि मग आठवडाभर धावणंही बंद पडतं.

धावण्यासाठी कमीत कमी दोन महिने द्या. चारशे मीटरचं मैदान असेल तर पुरुषांना चार फेऱ्या आणि महिलांना दोन. पहिले दोन आठवडे वेळ मोजूच नका. न थांबता वीस-पंचवीस मिनिटं सावकाश धावता आलं पाहिजे, मध्ये चालावं लागलं तरी चालेल. तिसऱ्या आठवड्यापासून आठवड्यातून दोनदा चारशे मीटर जोरात, मग दोन मिनिटं चालत दम घ्यायचा, असं चार-पाच वेळा. एक दिवस लांब आणि संथ. एक दिवस पूर्ण आराम. शेवटच्या तीन आठवड्यांत आठवड्यातून एकदाच पूर्ण अंतर घड्याळ लावून धावा.

डांबरी रस्त्यावर सराव केला की नडगी दुखते. मातीचं मैदान किंवा कालव्याकडेची पायवाट बरी. भरतीला नवे बूट घालू नका. ज्या बुटांत सराव केला तेच घाला. आणि पहिल्या फेरीत पुढे पळणाऱ्याच्या मागे लागू नका. पहिली फेरी ठरवलेल्या वेळेतच पूर्ण करणारा चौथीत त्यांना मागे टाकतो.

चाळिशी ओलांडलेल्यांनी सराव सुरू करण्याआधी ग्रामीण रुग्णालयात रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी, ईसीजी काढून घ्यावा. भरतीच्या मैदानात माणसं कोसळल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. छातीत दाबल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबा. भरती परत निघते.

त्या दिवशी पहाटे पोहोचावं लागतं आणि नंबर यायला दुपारही होते. सोबत पाणी, केळी, भाकरी-चटणी ठेवा. पण धावण्याआधी पोटभर खाऊ नका. उंची-छातीची मोजणी आधी होते. निवड करून देतो म्हणून पैसे मागणारा कुणी भेटला तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे, तो वापरा.

निवड झाल्यावर

प्रशिक्षणात कवायत, लाठी, शस्त्राची ओळख, प्रथमोपचार, अग्निशमन, विमोचन म्हणजे अडकलेल्यांची सुटका, गर्दी आणि वाहतूक नियंत्रण शिकवतात. यातलं प्रथमोपचार आणि विमोचन मन लावून शिका. पुराच्या दिवसांत, रस्ता अपघातात, सर्पदंशात गावाला त्याचाच उपयोग होतो, आणि त्यासाठी खाकी अंगावर असण्याचीही गरज नसते.

नेमणूक तीन वर्षांसाठी होते आणि पुढे नूतनीकरण होतं. ते हजेरी, वर्तणूक आणि प्रकृतीवर ठरतं. साप्ताहिक कवायत चुकवू नका. एखाद्या आठवड्यात जमणार नसेल तर आधी कळवा, शक्य तर लेखी. बोलावणं आल्यावर योग्य कारणाशिवाय हजर न राहणं हा मुंबई होमगार्ड अधिनियमाखाली शिक्षेला पात्र गुन्हा आहे, हेही माहीत असू द्या. गणवेश आणि ओळखपत्र दलाची मालमत्ता असतात, सेवा सोडली की परत करावी लागतात. भावाला, मित्राला घालायला देऊ नका, खाकीतले रील तर मुळीच टाकू नका.

प्रत्येक ड्युटीची आपली एक वही ठेवा: तारीख, ठिकाण, हजर झाल्याची आणि सुटल्याची वेळ, कुणी नेमलं. भत्त्याचा हिशेब जुळत नसेल किंवा पुढे सेवेचा दाखला हवा असेल, तेव्हा ही वही कामी येते.

ओळखीच्या माणसांसमोर खाकी

आता मुख्य गोष्ट. शहरात बंदोबस्ताला उभा असलेला माणूस गर्दीला अनोळखी असतो. तुम्ही तसे नसता. रस्ता बंद केलाय आणि समोर चुलत्यांची जीप उभी आहे. परीक्षा केंद्राच्या भिंतीवर चढून कॉपी टाकणारा मुलगा तुमच्याच आळीतला आहे. मिरवणुकीत डीजे बंद करायला सांगायचंय तो मंडळाचा अध्यक्ष तुमच्यासोबत शाळेत होता. यातला प्रत्येक प्रसंग पहिल्याच वर्षी येतो.

म्हणून पहिली ड्युटी लागण्याआधीच घरात आणि मित्रांत बोलून ठेवा. ‘काका, पॉइंटवर असताना मला गाडी सोडायला सांगू नका, मला नाही म्हणावं लागेल आणि मग दोघांनाही वाईट वाटेल,’ एवढं आधी सांगितलेलं पुरतं. थोरल्यांना थोरल्यांच्या मानानेच बोला. ‘अण्णा, आज सगळ्यांनाच वळसा आहे, तुम्ही घेतलात की मागचे घेतील,’ असं म्हटलं की ते वळसाही घेतात आणि मागच्यांना दटावतातही. अरेतुरे केलं, की तेच अण्णा सगळी गर्दी तुमच्यावर घालतील.

ज्यात तुमचं जवळचं नातं किंवा जुनं वैर आहे, त्या ठिकाणी ड्युटी लागली तर नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याला आधीच सांगा आणि पॉइंट बदलून मागा. भावकीचा शेताचा दावा चालू आहे आणि त्याच वस्तीवर तुम्ही बंदोबस्ताला, असं झालं तर तुम्ही कितीही सरळ वागलात तरी कुणी मानणार नाही. हेच जातीच्या, गटाच्या, पार्टीच्या भांडणांना लागू आहे. खाकीतला माणूस कुणाच्या प्रचारात, कुणाच्या वाढदिवसाच्या बॅनरवर दिसला की पुढच्या मतदानाला त्याच्याकडे कुणी निःपक्ष म्हणून बघत नाही.

ठाण्यात कानावर पडलेलं तिथेच राहू द्या. कुणाच्या मुलीची तक्रार आली, कुणाच्या घरी रात्री पोलीस गेले, हे पारावर पोहोचलं तर एखादं घर उद्ध्वस्त होऊ शकतं. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे. व्हॉट्सअपवर नाव टाकणंही त्यात आलं.

मारू नका. चिडवलं, शिवी दिली, कॉलर धरली, तरी पहिली थप्पड तुमची असू नये. शिट्टी वाजवा, जवळच्या पोलिसाला बोलवा, ११२ लावा, दोघांना वेगळं करा. लाठी आदेशाशिवाय उचलायची नाही. दंडाची पावती फाडणं, दुचाकीची चावी काढून घेणं, कुणाकडून ‘चहापाणी’ घेणं यांतलं काहीही तुमचं काम नाही. अडचण आली तर ज्यांच्या हाताखाली नेमलंय त्या अंमलदाराला सांगा आणि त्यांचा निर्णय पाळा.

गर्दीत

जत्रेची ड्युटी म्हणजे उभं राहणं असं नवख्यांना वाटतं. २५ जानेवारी २००५ रोजी वाई तालुक्यातल्या मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरीत आणि नंतरच्या आगीत सुमारे तीनशे माणसं गेली. नारळाच्या पाण्याने ओल्या झालेल्या पायऱ्यांवर माणसं घसरली, आणि पुढे काय झालंय हे न कळल्याने मागून रेटा चालूच राहिला. त्याआधी २००३मध्ये नाशिकच्या कुंभमेळ्यातही चेंगराचेंगरी झाली होती. ज्याला गर्दीत नेमलंय त्याने हे प्रसंग पाठ असल्यासारखे लक्षात ठेवावेत.

पॉइंटवर पोहोचताच तीन गोष्टी बघा: गर्दीला बाहेर पडायची वाट कुठली, ॲम्ब्युलन्स कुठून येईल, घसरडं किंवा उताराचं ठिकाण कुठे आहे. वाट अडवणारी खेळण्यांची गाडी, पार्क केलेली मोटारसायकल सकाळीच हलवायला लावा. दुपारी गर्दी वाढल्यावर ती हलत नाही. गर्दीत हात वर करायलाही जागा उरली नाही, माणसं स्वतःच्या पायाने न चालता ढकलली जाऊ लागली, बायका-मुलं ओरडू लागली, की पुढच्यांना न रोखता मागून येणाऱ्यांना दूरवरच थांबवायचं असतं. त्यासाठी लगेच वर कळवा. ‘पळा’ हा शब्द कधीही ओरडू नका. हरवलेलं मूल सापडलं तर आपला पॉइंट सोडून त्याच्या आईला शोधत फिरू नका. त्याला मदत केंद्रावर पोहोचवण्याची व्यवस्था करा आणि लाउडस्पीकरवरून पुकारा करायला लावा.

घर आणि शेत

बंदोबस्ताचं वर्ष शेताच्या वर्षाशी भांडतं. आषाढी वारी पेरणीच्या तोंडावर, गणपती-नवरात्रात सोयाबीन काढणीला, आणि २०२४ची विधानसभा निवडणूक तर नोव्हेंबरमध्ये, ऐन रब्बीच्या पेरणीत. वर्षाच्या सुरुवातीला कॅलेंडर घेऊन घरच्यांसोबत बसा. शिवजयंती, आंबेडकर जयंती, गावच्या यात्रा, वारी, गणपती, ईद, नवरात्र, थर्टीफर्स्ट आणि बोर्डाच्या परीक्षा यांवर खूण करा. त्या दिवशी धारा कोण काढणार, दुकान कोण उघडणार हे ठरवा. नवरा-बायको दोघांपैकी कुणीही होमगार्ड असो, दुसऱ्याच्या मनापासूनच्या संमतीशिवाय हे वर्षभरापेक्षा जास्त चालत नाही.

तीन वर्षं सेवा पूर्ण केलेल्यांना राज्य पोलीस दल, वनविभाग आणि अग्निशमन दलाच्या भरतीत पाच टक्के आरक्षण आहे. तरुणांनी हा विचार जरूर करावा, त्यासाठी होमगार्डमध्ये येण्यात काही गैर नाही. मात्र त्या तीन वर्षांत कवायती आणि ड्युट्या खरोखर केलेल्या असाव्यात.

यादीत नाव आलं नाही तर

ठाण्याच्या हद्दीत काम करण्याचे दुसरे मार्गही खुले असतात. गणेशोत्सवासारख्या वेळी पोलीस स्थानिक तरुणांना पोलीस मित्र म्हणून सोबत घेतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली ठरावीक काळापुरते विशेष पोलीस अधिकारीही नेमता येतात. गावात ग्रामसुरक्षा दल असेल तर त्यात नाव द्या. नसेल तर पोलीस पाटील आणि सरपंचांना घेऊन ठाणे प्रभारींना भेटा. चोऱ्यांच्या दिवसांत रात्रीची गस्त घालणारी माणसं ठाण्याला हवीच असतात. गस्त सुरू करण्याआधी सगळ्यांची नावं आणि मोबाइल क्रमांक ठाण्यात नोंदवा, कोणत्या रात्री कोण हे लिहून द्या, आणि ठरवून घ्या की संशयित दिसला तर हात लावायचा नाही, ११२ला कळवायचं. चोर समजून निरपराध फिरस्त्यांना जमावाने मारल्याची घटना १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात घडली आणि पाच माणसांचा जीव गेला. गस्तीवर निघणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या रात्रीच हे सांगा.